वाटे

गळ घ्यायचे ते खडेबाजारातून.
तात्या एकेक गळ अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायचा,
घसरला तर परत, रुतला तर डझनभर.
"सोनं घेतल्यासारखं काय बघूलालास रे?" दुकानदार वैतागायचा.
"सोनं पाण्यात गंजत नाही," तात्या म्हणायचा,
आणि दोन रुपये कमी द्यायचा.

गांडूळ लावायला मी शिकले सातव्या वर्षी, वैशाखात,
जांबोटीच्या खाली मलप्रभा तुटून डोह डोह होते तेव्हा.
"गप बस गे, मासं ऐकूलाल्यात."
मासे काय ऐकत होते कुणास ठाऊक.
मी ऐकत होते तात्याच्या पोटातली गुरगुर,
मडिवाळप्पाच्या बिडीची चुरचुर,
पलीकडच्या काठावर कुणीतरी आपटत असलेलं घोंगडं.

मडिवाळप्पा वामीला वाम म्हणत नसे.
हावुमीन म्हणे. सापमासा.
पहिली वाम माझ्या गळाला लागली तेव्हा मला ते पटलं,
काठी, दोरी, सगळं टाकून मी जी पळाले,
आणि माझी काठी धरायला बस्त्याव
खिशातल्या काडेपेटीसकट कमरेएवढ्या पाण्यात.
वर्षभर थट्टा झाली ती त्याची.

पावसाळ्यात गळ आढ्याला टांगलेले.
पाणी शेतात चढलं की मासे आपणच यायचे,
इंटाणाच्या रोपांतून, पाठ उघडी टाकून,
परशा बांधाच्या तोंडाला बुट्टी लावून झोपून जायचा.
भादव्यात कुर्ल्या, रात्रीच्या, गॅसबत्ती घेऊन.
कुर्ली कुठून धरायची ते सांगून कळत नाही,
एक बोट द्यावंच लागतं.

आणि थंडीत शिकार.
म्हणजे आम्ही तिला शिकार म्हणायचो.
अप्पांची ठासणीची बंदूक निवडणूक लागली की ठाण्यात जमा,
आणि निवडणूक आमच्याकडे कधी नसायची?
जिल्हा कुणाचा यावर पारावर भांडणं चालायची,
ससा तेवढ्यात दोन्ही बाजूंनी पळून जायचा.

एका पौषात मात्र बंदूक घरी होती.
चौघं रात्रभर हरभऱ्याच्या कडेला, एकाच कांबळ्यात.
पहाटे ससा आला.
अप्पांनी बार ठासेपर्यंत
त्यानं दोन घाटे खाल्ले, कान पुसले, गेला.
रिकाम्या हातानं घरी कसं जायचं?
खानापूरच्या बाजारात मासे घेतले,
पिशवीला बाहेरून नदीचा चिखल फासला.
आईनं पिशवी उघडली, आत वाकून बघितलं.
"मलप्रभेत बांगडं कधीपासनं येऊलाल्यात?"
कुणी काही बोललं नाही.
तिरफळं मात्र तिनं मूठभर टाकली.

मिळेल त्याचे वाटे व्हायचे, पळसाच्या पानांवर.
जो आला त्याला वाटा,
गळ टाकणाऱ्याला, झोपलेल्याला, नुसती बत्ती धरणाऱ्याला,
खंड्या कुत्र्यालासुद्धा, शेपटीकडचा.
मोजणार मडिवाळप्पा, तेही कन्नडमध्ये,
कारण मराठीत मोजलं की तात्या मध्येच बोलायचा
आणि आकडा चुकायचा.

यंदा वैशाखात परत गेलो डोहावर.
बस्त्यावची मान हलते आता, पण काडेपेटी वरच्या खिशात.
माझ्या मुलानं गळ नखावर टेकवून बघितला.
त्याला हे कुणी शिकवलं, मी तर नाही.
चार शिवडे, एक मरळ, एक वाम,
तिच्यापासून या वेळी कुणी पळालं नाही.

मडिवाळप्पानं पानं मांडली.
ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु,
एळु.
आम्ही सहाजण होतो.
मध्ये कुणी बोललं नव्हतं, तरी आकडा चुकला,
आणि तो दुरुस्त करायला कुणाचा हात पुढे होईना.
नदीवरून वारा आला, सातवं पान थोडं उडालं,
परशानं त्यावर खडा ठेवला.

मग खंड्याची नात,
जिला अजून कुणी नावही ठेवलं नाही,
हळूच आली, पानासकट वाटा तोंडात धरून
पळसामागे गेली.
मुलगा ओरडायला उठला.

"खाऊ दे," अप्पा म्हणाले.
"तात्याच्याच दारातली हाय ती."